मग पेपरात काय लिहायचं?

विज्ञानाच्या मास्तरला सगळ्यात जास्त ऐकायला मिळणारा प्रश्न म्हणजे "सर, हे पेपरला येईल का?" आणि त्याच्या खालोखाल दुसरा, आमच्या पोरांच्या अहिराणीत, "सर, मंग पेपरमा काय लिखानं?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसरा मात्र नेमका तेव्हा येतो जेव्हा मी एखाद्या गोष्टीची दोन उत्तरं सांगितलेली असतात किंवा "हे अजून नक्की ठरलेलं नाही" असं बोलून बसलेलो असतो, आणि पोरांच्या चेहऱ्यावर सरळ दिसतं की सरांनी आज घरून वाचून आणलेलं दिसत नाही.

मी पारोळा-अमळनेर पट्ट्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. सुरुवातीलाच वैज्ञानिक पद्धत शिकवली जाते, निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष, चार पायऱ्या, पोरं पाठ करतात, मार्क मिळतात, विषय संपला. त्यानंतर दोन वर्षं पुस्तकात फक्त निष्कर्षच निष्कर्ष. कोणी कशावरून काढला, किती भांडणं झाली, कुठपर्यंत खात्री आहे आणि कुठून पुढे अंदाज आहे, यातलं काही नाही. मग हीच पोरं मोठी झाली की शास्त्रज्ञांनी एखादं मत बदललं की म्हणतात, "यांचं काही खरं नाही, हे रोज बदलतात." म्हणणारच ना, आपण त्यांना शिकवलंच तसं की विज्ञान म्हणजे न बदलणाऱ्या उत्तरांची यादी.

लोणारचंच घ्या. लोणार आपल्या खान्देशात नाही, बुलढाण्यात, पण आमची सहल गेली होती. काठावर उभं राहून पोरं खाली बघतायत, जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचा खड्डा, आणि गाईडने सांगितलं की 52 हजार वर्षांपूर्वी उल्का पडली. एका पोरीने मोबाईल काढला (सहलीला मोबाईल आणायचा नाही हा नियम कोणी पाळत नाही) आणि म्हणाली, सर इथं तर 5 लाख 70 हजार लिहिलंय. झालं. कोण खोटं?

कोणीच खोटं नाही, आणि हेच सांगायला मला बसमध्ये पूर्ण परतीचा रस्ता लागला. 1823 मध्ये एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या सरोवराची नोंद केली आणि नंतर कितीतरी वर्षं भले भले लोक हे ज्वालामुखीचं तोंड आहे असंच मानत होते, आणि ते काही येडे नव्हते, आजूबाजूला शेकडो मैल लाव्हाचाच दगड आहे, मग दुसरा काय विचार येणार. 1973 मध्ये तिथल्या खडकात जबरदस्त धक्क्यानेच तयार होते अशी काच सापडली हे छापून आलं, ज्वालामुखीला तेवढा दाब आणता येत नाही, तिथे उल्केचा मुद्दा पक्का झाला. पण वय? एका पद्धतीत आघाताने वितळलेल्या काचेला तापवून ती किती प्रकाश सोडते ते मोजतात, त्यातून 52 हजारच्या आसपास आलं. दुसऱ्या पद्धतीत काचेत अडकलेल्या आरगॉन वायूचा हिशेब लावतात, त्यातून 2010 च्या सुमारास 5 लाख 70 हजार, अधिक-उणे 47 हजार. दहापटीहून जास्त फरक! आणि तरी "उल्का पडली" या वाक्याला त्यामुळे ओरखडाही येत नाही. एकाच खड्ड्याबद्दलची दोन वाक्यं, एक दगडासारखं पक्कं, दुसरं अजून हलतंय. हे पोरांना कळणं मला त्या सगळ्या सहलीपेक्षा महत्त्वाचं वाटलं. पोरांना अर्थात परत येताना ढाब्यावर थांबणार की नाही हे महत्त्वाचं होतं.

तिथून वर्गात एक सवय सुरू केली. पुस्तकाच्या समासात पेन्सिलने तीनच खुणा करायच्या. प म्हणजे पक्कं, ब म्हणजे बऱ्यापैकी, अं म्हणजे अंदाज. नियम एकच, खूण का केली ते सांगता आलं पाहिजे, नुसतं "पुस्तकात आहे म्हणून प" चालणार नाही. हृदयाला चार कप्पे, प, कारण उघडून बघता येतं. लोणारला उल्का, प. लोणारचं वय, अं. डायनोसॉर संपले ते कशाने, इथे वर्ग फुटला. मेक्सिकोजवळ 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी प्रचंड अशनी आदळला हे पक्कं. पण त्याच काळात आपल्याकडे दख्खनचा लाव्हा वाहत होता, म्हणजे ज्या काळ्या दगडावर आमची शाळा उभी आहे तोही आरोपींच्या पिंजऱ्यात आहे. 2019 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दख्खनच्या दगडाच्या अगदी बारीक तारखा काढून एकदमच छापल्या, दोघांचं काम उत्तम, आणि लाव्हाचा मोठा लोंढा अशनी पडायच्या आधी होता की नंतर यावर दोघांचं जुळलं नाही. पोरांना हे लई आवडलं. आपल्या पायाखालचा दगड एवढ्या मोठ्या केसमध्ये आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नव्हतं.

आता यावर आमच्या स्टाफरूममध्ये जो आक्षेप आला तो खोटा नाही. एक मॅडम म्हणाल्या, सर तुम्ही पोरांना सगळ्यावर शंका घ्यायला शिकवताय, उद्या पृथ्वी सपाट आहे म्हणणारा व्हिडिओ बघून म्हणतील हे पण एक मत आहे. बरोबर आहे, ही भीती मलाही वाटते. म्हणून तर तीन खुणा आहेत, एकच प्रश्नचिन्ह नाही. सगळंच अंदाज असं म्हणणं हा आळस आहे आणि सगळंच पक्कं असं म्हणणं हाही आळसच.

यात मला सगळ्यात जास्त मदत कोणाची झाली असेल तर भास्कराचार्यांची. चाळीसगावजवळ पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, शके 1128 चा म्हणजे 1207 चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला आणि त्याला दान मिळालं अशी त्यात नोंद आहे. (भास्कराचार्य जन्मले कुठे यावर वाद आहे, चाळीसगावकरांसमोर तो काढू नका.) तर लीलावती या त्यांच्या गणिताच्या ग्रंथात वर्तुळाचा परीघ काढायचे दोन हिशेब दिलेत. व्यासाला 3927 ने गुणून 1250 ने भागा, हा सूक्ष्म. किंवा 22 ने गुणून 7 ने भागा, हा स्थूल, व्यवहाराला चालेल असा. बस. 1150 सालचा माणूस उत्तरासोबत सांगतोय की हे किती बारीक आहे आणि कुठे वापरा. आमच्या पुस्तकात 22/7 असतं आणि बऱ्याच पोरांना दहावी होईपर्यंत वाटतं पाय (π) म्हणजे बरोब्बर 22/7.

वर्गात करून बघितलं. सात मीटर व्यासाची विहीर. 22/7 ने घेर आला 22 मीटर. खरा घेर त्यापेक्षा साधारण 9 मिलिमीटरने कमी. विहीर बांधणाऱ्या गवंड्याला 9 मिलिमीटरने काय फरक पडतो? काही नाही. बेअरिंग बनवणाऱ्याला? तो दुकान बंद करेल. म्हणजे चूक किती चालते हे कामावर अवलंबून, आणि ते सांगून टाकणं हाच प्रामाणिकपणा.

आणि भास्कराचार्यांना मखरात बसवायचं नाही म्हणून पुढचं पण सांगतो. त्याच लीलावतीत एक गणित आहे, एका संख्येला शून्याने गुणा, त्यात त्याचाच अर्धा मिळवा, तीनने गुणा, मग शून्याने भागा, 63 येतात, तर संख्या कोणती? ते म्हणतात 14. शून्याने गुणलेलं आणि शून्यानेच भागलेलं त्यांनी सरळ काटून टाकलं. आज आठवीचा पोरगा असं करेल तर मी गोल करीन. एवढा मोठा माणूस, आणि त्या जागी आजचं गणित त्यांचं ऐकत नाही. वर्गात हे सांगितलं की एकदम शांतता होते, कारण जयंतीच्या भाषणात असं कोणी बोलत नाही.

पण खरी मजा आली ती पाण्यात.

आमच्या भागात बोअर मारायचा म्हटलं की आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं, जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी, किंवा मग कडुलिंबाची बेचकी हातात, ती खाली ओढली गेली की खूण मारायची. एका पोराचे आजोबा हे करतात, गावात त्यांना मान आहे, पैसे पण फार घेत नाहीत. वर्गात विषय निघाला तर अर्धा वर्ग म्हणाला अंधश्रद्धा आणि अर्धा वर्ग म्हणाला आमच्या शेतात त्यांच्यामुळेच पाणी लागलं. मी म्हटलं अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांनी आधी सांगा, तुम्ही तपासलं का? नाही. मग तुमचं म्हणणं पण पाठांतरच झालं, फक्त दुसऱ्या पुस्तकातलं.

आजोबा आनंदाने यायला तयार झाले. पोरांनी पहिली चाचणी काढली ती अशी, मैदानावर उलट्या ठेवलेल्या टोपल्या, काहींच्या खाली पाण्याच्या बाटल्या, काही रिकाम्या, कोणत्या टोपलीखाली काय हे आजोबांजवळ उभ्या असलेल्या कोणालाच माहीत नाही (हे शेवटचं एका पोरीने सुचवलं, तिला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणाली नाहीतर आपण तोंडावरून सांगून टाकू). आजोबांनी टोपल्या बघितल्या आणि हसून म्हणाले, "मास्तर, बाटलीमाधलं पानी मरेल ऱ्हास, माले जित्ता झिरा लागस." (बाटलीतलं पाणी मेलेलं असतं, मला जिवंत झरा लागतो.)

पोरं ओरडली, ही पळवाट आहे. मी म्हटलं थांबा. त्यांनी बाटलीतलं पाणी सापडतं असा दावा कधी केला होता? नाही ना. मग आपली चाचणी त्यांच्या दाव्याची नव्हतीच. दावा काय आहे ते त्यांनाच विचारा, आणि तो चुकला तर कशाने चुकला म्हणायचं हे पण आधीच त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, कारण चुकूच शकत नाही असा दावा असेल तर तपासायला काही उरतच नाही. मग अर्धा तास आजोबा आणि नववीची पोरं बांधावर बसून वाटाघाटी करत होती, आणि खरं सांगतो मला त्या वर्षात वर्गात जे जमलं नाही ते तिथे होत होतं. ठरलं असं की आजोबा एका शेतात आधी उघड्या डोळ्यांनी जागा दाखवतील, मग डोळ्यांवर रुमाल बांधून त्याच शेतात पुन्हा फिरवायचं, झरा जमिनीत आहे तर जागा तीच यायला पाहिजे. आजोबा म्हणाले, येईलच.

उघड्या डोळ्यांनी त्यांनी नाल्याच्या बाजूला, उंबराच्या झाडापासून थोड्या अंतरावर खूण केली. रुमाल बांधल्यावर नारळ उभा राहिला तो पार वेगळ्या ठिकाणी, आणि परत फिरवल्यावर आणखी तिसऱ्याच ठिकाणी. आजोबा रागावले नाहीत. म्हणाले रुमालाने डोकं धरतं, चित्त लागत नाही.

आता यातून काय काढायचं? पोरांना लगेच विजय साजरा करायचा होता. पण एका माणसाच्या एका दुपारवरून जगातले सगळे पाणाडे खोटे असं म्हणता येत नाही, आपण समासात अं लिहितो, फार तर ब. (मोठ्या प्रमाणावर अशा चाचण्या इतरांनी केल्यात, जर्मनीत म्युनिकला 1980 च्या दशकात निवडक पाणाड्यांवर शेकडो फेऱ्या झाल्या, करणाऱ्यांनी म्हटलं काहींना जमतं, नंतर दुसऱ्याने तेच आकडे तपासून म्हटलं नशिबाने जेवढं लागेल तेवढंच लागलंय. आकडे तेच, हेही पोरांना सांगितलं.) मला स्वतःला नारळावर विश्वास नाही, हे पण सांगून टाकलं, लपवून काय उपयोग.

पण एका पोराने जे विचारलं ते मला सुचलं नव्हतं. म्हणाला, सर, उघड्या डोळ्यांनी त्यांनी उंबर आणि नाला बघूनच जागा धरली असेल तर? म्हणजे नारळाला काही कळत नाही पण आजोबांना कळतं? वा! वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत दकार्गल नावाचं अख्खं प्रकरण लिहिलंय, कोणत्या झाडाजवळ, कोणत्या वारुळाजवळ किती खोलीवर पाणी लागेल. म्हणजे आजोबांची नजर हे खरं यंत्र असू शकतं. हे गृहीतक नारळवाल्यापेक्षा चांगलं, कारण हे तपासता येतं.

आणि मग आला आकड्यांचा प्रश्न. आजोबा म्हणतात मी दाखवलेल्या कितीतरी जागी पाणी लागलं. असेलही. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत तुम्ही डोळे मिटून कुठेही पुरेसं खोल गेलात तर बहुतेक ठिकाणी पाणी लागतंच, तिथे नारळ, बेचकी, चप्पल, काहीही चालेल. आमच्या पारोळ्याकडच्या खडकात तसं नाही, इथे काळा पाषाण लागला की गेलं, मांजऱ्या (छिद्रांचा, मऊ खडक) लागला किंवा भेग सापडली तर नशीब, एका बांधावर दोन इंच पाणी आणि शेजारच्या बांधावर नुसती धूळ. इथे जमिनीत वीज सोडून विरोध मोजणारा भूवैज्ञानिक पण चुकतो, आणि हे मी पोरांना मुद्दाम सांगतो, नाहीतर त्यांना वाटेल मशीन आलं म्हणजे खात्री आली. मशीन खडकाचा विरोध मोजतं, पाणी नाही. पाणी हा त्यावरून काढलेला अंदाज. मग फरक काय राहिला दोघांत? वही. कोरडे गेलेले बोअर वहीत लिहिले जातात की नाही एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे.

पावसाचं पण तेच. गावात हवामान खात्याची टिंगल हा आमचा जुना धंदा. मी पोरांना म्हटलं घरी विचारा 2002 साल आठवतं का. ज्यांना आठवतं त्यांना जुलै आठवतो. त्या वर्षी अंदाज होता सरासरीच्या 101 टक्के, देशात पडला 81 टक्के. लाजिरवाणी गोष्ट, पण पुढच्या वर्षी खात्याने मॉडेलच बदललं. आणि पाच वर्षं मागे जा, 1997. शतकातल्या सगळ्यात जोरदार एल निनोंपैकी (पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापतं ते) एक, पुस्तकाप्रमाणे दुष्काळ पडायला हवा होता, पडला 102 टक्के. म्हणजे एल निनो आला की दुष्काळ हे वाक्य खोटं? नाही, अपुरं. 1999 मध्ये असं मांडलं गेलं की आपल्या हिंदी महासागरात पण पूर्व-पश्चिम तापमानाचं वर-खाली होत असतं आणि तेही मान्सूनला हात लावतं, आणि 1997 ला ते आपल्या बाजूने होतं. चुकलेल्या अंदाजातूनच पुढचं सापडत गेलं. न चुकणारं भविष्य पंचांगात मिळतं, ते गेल्या वर्षी किती चुकलं ते कोणी छापत नाही.

कोरोनातल्या प्लाझ्माबद्दल (बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव आजाऱ्याला द्यायचा, तो उपचार) थोडक्यात. दुसऱ्या लाटेत जळगाव-धुळ्यात प्रत्येकाच्या स्टेटसला "ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा आहे" असायचं, लोक रात्र रात्र फोन करत होते. आपल्याच देशात 39 दवाखान्यांत 464 पेशंटवर तपासून झालं होतं आणि 2020 च्या ऑक्टोबरलाच छापून आलं होतं की त्याने मृत्यू कमी होत नाहीत. सरकारी उपचारांच्या यादीतून तो निघाला मे 2021 ला. मधल्या त्या महिन्यांबद्दल पोरांना काय सांगायचं? मी हेच सांगतो की माहीत होणं आणि मानलं जाणं यात माणसं असतात, डॉक्टर पण माणसं, आणि दारात पेशंट तडफडत असताना "याने फायदा होत नाही" हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

एक पोरगा मागच्या बाकावरून दर वर्षी विचारतोच, सर देव आहे का. (पोरगा बदलतो, बाक तोच.) मी म्हणतो प, ब, अं तिन्ही लावू नको, कारण तपासायची रीतच आपल्याकडे नाही. आणि बाबांनी कापूस सोडून केळी लावावी का? विज्ञान सांगेल पाणी किती लागेल, रोग कोणते येतील. पण कर्ज काढायचं का, बहिणीचं लग्न आधी की ठिबक आधी, ते घरात बसून ठरवायचं. अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तत्त्वज्ञान मंदिर काढलं, माणसाला काय कळू शकतं आणि काय नाही यावर तिथे मोठी मोठी माणसं बसून विचार करायची, आणि आमची पोरं रोज एसटीने त्या गावातून जातात. एकदा न्यायचंय त्यांना तिथे.

राहिला पेपर. पेपरात पुस्तकात आहे तेच लिहायचं, मी स्पष्ट सांगतो, मार्क कापून क्रांती करायची नाही. समासातल्या खुणा पेन्सिलच्या आहेत त्या त्यासाठीच, जुनी पुस्तकं पुढच्या वर्गाला देताना खोडता येतात. अर्थात आता पोरं खोडत नाहीत, आणि पुढची बॅच आधीच्यांच्या खुणांवर काट मारून आपली खूण करते. एकाने लोणारच्या वयापुढच्या अं वर काट मारून ब केलाय, शेजारी लिहिलंय "आरगॉनवाली पद्धत जास्त पटते". कारण विचारल्यावर दिलं पण, दहा मिनिटं.

सध्या वर्गाचं काम चालू आहे ते बोअरच्या वहीचं. गाव, शेत, जागा कोणी दाखवली (पाणाड्या, भूवैज्ञानिक की मालकाने स्वतः), किती फुटांवर मुरूम, किती फुटांवर पाषाण, पाणी किती इंच. पारोळा, अमळनेर, एरंडोल, धरणगाव भागातल्या कोणाकडे अशी माहिती असेल तर पाठवा, मालकाचं नाव नको. लागलेल्या बोअरची माहिती लोक चहा पाजून देतात, तिची कमी नाही. कोरडे गेलेले पाहिजेत.